मिसरीचा तवा
(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कॅन्सरवर बोला, असा निरोप आला तेव्हा मी आधी नकार दिला. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण बोलावणाऱ्यांनी सांगितलं, "डॉक्टर येऊन बोलून गेलेत. तुम्ही तुमच्या माणदेशातलं, घरातलं सांगा." घरातलं सांगायचं तर मला चुलीवरच्या एका तव्यापासून सुरुवात करावी लागेल.

आम्ही तांबोळी. पान, सुपारी, कात, चुना आणि तंबाखू हा आमचा पिढीजात धंदा. अब्बा दहिवडी, म्हसवड आणि आसपासच्या गावांचे आठवडी बाजार करायचे. पाल ठोकायचं, ओल्या फडक्यात पानांच्या कवळ्या मांडायच्या, शेजारी तंबाखूचं पोतं तोंड उघडून ठेवायचं. माणात तंबाखू पिकत नाही. तिथं बाजरी पिकायची मारामार. माल यायचा निपाणीकडून. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी निपाणीला शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं, गोळीबार झाला, माणसं गेली. तेव्हा आमच्या घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पिकवणाऱ्याचं पोट त्यावर, विकणाऱ्याचं त्यावर. माझी कॉलेजची फी त्याच पोत्यातून गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी जे बोलेन ते कुणाला उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं वाटू नये.

पुरुष गिऱ्हाईक चंची सोडून तंबाखू भरून घ्यायचं. बायका मात्र वेगळं मागायच्या. "मिसरीला द्या वो भाऊ. जरा कडक बघून द्या." कोकणात मशेरी म्हणतात, पुस्तकात मिश्री लिहितात, आमच्याकडं मिसरी.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तंबाखूचा चुरा लोखंडी तव्यावर टाकायचा आणि काळाकुट्ट होईपर्यंत भाजायचा. त्याचा धूर असा सुटतो की सगळी आळी खोकते. आम्ही पोरं नाकाला सदरा लावून पळायचो. लांबून ओरडायचो, "अम्मा, बस कर!" मग तो कोळसा झालेला चुरा तळहातावर चोळायचा, फडक्यातून चाळायचा आणि डबीत भरायचा. सकाळी चिमूटभर घेऊन दातांवर, हिरड्यांवर बोटानं घासायचा. घासून झालं की चूळ भरायची असते, पण बायका भरत नाहीत. तशीच गालात धरून उन्हात बसतात. पुन्हा दुपारी भाकरीनंतर. पुन्हा रात्री अंथरुणावर.

माझ्या आईला मिसरी तिच्या आईनं लावली. दाढ दुखत होती म्हणून. वय असेल आठ-दहा. म्हणजे सुरुवात व्यसन म्हणून झालीच नाही, औषध म्हणून झाली, आणि तीही आईच्या बोटानं. पुढं १९७२ चा दुष्काळ आला. मी तेव्हा काखेतलं पोर. बाजार बसले, पानाला गिऱ्हाईक नाही. अम्मा इतर बायकांबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. ती सांगायची, सुकडी मिळायची ती पोरांच्या तोंडात घालायची आणि आपण मिसरी लावून पाणी प्यायचं. भूक मरते. घाव घालायला हात उठतो. त्या खडीच्या ढिगाऱ्यावर बसलेल्या बायकांना कुणी त्या वेळी 'तंबाखू सोडा' असं सांगितलं असतं, तर त्यांनी त्याच हातोड्यानं त्याची विचारपूस केली असती.

मी कवी झालो आणि या मिसरीवर कविता लिहिली. अम्माच्या पदराला येणारा भाजलेल्या तंबाखूचा वास, काळ्या बोटानं पुसलेले माझे डोळे, असं त्यात होतं. १९९८ च्या सुमारास मी ती गावोगावच्या संमेलनांत म्हणायचो. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, काही रडायच्या. टाळ्या हमखास. मला त्या कवितेचा अभिमान होता.

२००३ साली अम्माच्या खालच्या ओठाच्या आत, जिथं ती मिसरी धरायची तिथंच, पांढरा चट्टा दिसला. आम्ही म्हणालो, तोंड आलंय. जिरं चघळ, तूप लाव. मग मलम, मग गोळ्या. पाच महिने असे गेले. त्यात दोष कुणा दुसऱ्याचा नाही. दुखत नव्हतं म्हणून आम्ही गप्प बसलो. दुखायला लागलं तेव्हा मिरजेला नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "आजी, तंबाखू खाता?"

"न्हाई बाबा."

"विडी?"

"तोबा तोबा."

डॉक्टर लिहीत होता. मग त्यानं मान वर करून विचारलं, "मिसरी लावता का?"

"ती लावतेच की. दात आल्यापासनं."

श्रोतेहो, ती खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी तंबाखू म्हणजे पुरुषांच्या चंचीतला. मिसरी म्हणजे दात घासायचं. आमच्या दुकानातून, आमच्याच पोत्यातून ती ओंजळीनं तंबाखू न्यायची, तरी तव्यावर गेला की तो तिच्यासाठी तंबाखू राहत नसे. त्या दिवसापासून मी बघतो, कुणी पाहणीला आलं आणि 'तंबाखू खाता का' असं विचारलं, की आमच्या बायका बिनदिक्कत 'नाही' म्हणतात. प्रश्न विचारणाऱ्याला घरातला शब्द माहीत हवा.

अम्मा २००५ साली गेली. शेवटच्या वर्षात शेजारच्या एका घरानं तिला वेगळ्या कपात चहा दिला. लागट रोग आहे, असं त्यांना वाटलं. कॅन्सर शिवल्यानं होत नाही, एका कपातून पिऊन होत नाही, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. आज सांगतो. अम्मा मात्र एकच गोष्ट विचारत राहिली. "मी कुणाचं काय वाईट केलं रे?" आमच्याकडं अल्लाची मर्जी म्हणतात, शेजारी भोग म्हणतात. दोन्हीत सोय एकच, पुढचं बोलणं बंद.

बोलणं बंद होऊ नये म्हणून मी नंतर वाचायला लागलो. लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या शल्यविशारदानं १७७५ साली लिहून ठेवलं होतं की, धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढं वृषणाच्या कातडीचा कॅन्सर होतो, आणि त्याचं कारण अंगाला बसणारी काजळी. कॅन्सर बाहेरच्या एखाद्या वस्तूनं होऊ शकतो, हे इतक्या स्पष्टपणे सांगण्याची ती पहिली खेप मानतात. हे वाचलं आणि मला आमचा तवा आठवला. तंबाखू पिकतो, वाळतो, मुरतो, तेव्हाच त्यात नायट्रोसमाइन नावाची कॅन्सर करणारी द्रव्यं तयार होतात. तो भाजला की त्यात काजळीतली आणखी द्रव्यं मिसळतात. म्हणजे भाजल्यानं विष जळून जातं, असं जे आमच्या बायका समजतात, ते नेमकं उलटं आहे. मुंबईत १९८० च्या दशकात मशेरीवर प्रयोगशाळेत काम झालं आणि ती कॅन्सरकारक असल्याचं दिसलं. चटक लावतं ते निकोटीन. कॅन्सर करतात ती ही बाकीची मंडळी. निकोटीन दार उघडून धरतं, एवढंच.

आता तांबोळ्याच्या पोरानं सुपारीबद्दलही बोललं पाहिजे. तंबाखू वाईट हे लोक मान्य करतात, पण सुपारीला कुणी वाईट म्हणत नाही. लग्नात सुपारी, पूजेत सुपारी, पाहुणा आला की सुपारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ साली जाहीर केलं की, तंबाखू नसला तरी नुसती सुपारीसुद्धा माणसाला कॅन्सर करू शकते. सुपारी सतत चघळणाऱ्याच्या गालाची आतली कातडी हळूहळू कडक होते आणि तोंड उघडेनासं होतं. घरच्या घरी बघायची खूण आहे: आपली तीन बोटं उभी, एकावर एक, तोंडात जातात का. जात नसतील तर दाताच्या डॉक्टरकडं जायचं. गुटख्यानं हे दुखणं विशी-पंचविशीतल्या पोरांपर्यंत आणलं. महाराष्ट्रानं गुटखा २००२ साली बंद केला, २००४ साली ती बंदी सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, २०१२ साली अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली. तरी पुड्या कुठं मिळतात ते शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

आणि मिसरीचं काय? दंतमंजनात, टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ सालापासून देशात बंदी आहे. पण ती विकणाऱ्याला. घरच्या तव्याला कोण बंदी घालणार?

माझ्या बोलण्यावर नेहमी एक हात वर होतो. "आमची आजी नव्वद वर्षं मिसरी लावत होती, तिला काय झालं नाही." खरं आहे. सगळ्यांना होत नाही. ओढ्याच्या पात्रात बांधलेलं घर दर पावसाळ्यात वाहून जात नाही. आमच्याकडं तर ओढ्याला पाणीच येत नाही वर्षानुवर्षं. म्हणून पात्रात घर बांधा, असं कुणी म्हणत नाही. धोका म्हणजे एवढंच. आणि धोक्यात धोका मिसळला की तो दुणावतो. तंबाखूच्या जोडीला दारू असेल तर तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर कितीतरी जास्त दिसतो.

दुसरा हात वर होतो तो फवारणीसाठी. "आता भाज्याच विषारी झाल्यात, त्यानं कॅन्सर वाढलाय, त्याचं बोला की." हे विचारणाऱ्याच्या ओठाखाली बहुतेक वेळा बार भरलेला असतो. पण प्रश्न खोटा नाही. काही कीटकनाशकांवर शास्त्रज्ञांनी बोट ठेवलेलं आहे. जो माणूस उघड्या हातानं औषध कालवतो, वाऱ्याच्या तोंडाला उभा राहून पंप मारतो आणि त्याच कपड्यांत भाकरी खातो, त्याला भाजी खाणाऱ्यापेक्षा त्याचा त्रास जास्त. डाळिंबाच्या बागा झाल्यापासून हे आमच्याकडं रोज दिसतं. त्यानं हातमोजे वापरावेत, अंग धुवावं, रिकामा डबा घरात पाण्याला घेऊ नये. चुलीचा धूरही आहेच. लाकडाच्या, शेणीच्या धुरानं फुप्फुसाचा कॅन्सर होण्याचा संभव आहे, असं त्याच संस्थेनं नोंदवलंय. गॅस आला तरी भाकरी चुलीवरचीच हवी, हा हट्ट घरातल्या पुरुषांचा असतो. धूर खायला ते नसतात. पण भाजीतल्या औषधाचा हिशेब अजून पुरता लागायचाय, तंबाखूचा कधीच लागलाय. भारतातल्या पुरुषांत आज सगळ्यांत जास्त दिसणारा कॅन्सर तोंडाचा आहे.

हा हिशेब आपल्याकडं कसा लागला, तेही सांगण्यासारखं आहे. मुंबईत १९६३ साली कॅन्सरच्या रुग्णांची नोंदवही सुरू झाली. देशातली ती पहिली. पण ती शहराची. खेड्यात कोण कशानं मेलं, याचा पत्ता कुणालाच नव्हता. १९८७ साली बार्शीला ग्रामीण भागाची पहिली नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास गावं. तो मुलूख आमच्यासारखाच, कोरडवाहू आणि ज्वारीचा. खेड्यातला रोगी आपण होऊन दवाखान्यात येणार नाही, म्हणून नोंद करणारे कार्यकर्ते गावोगाव जायचे, पारावर बसायचे, कुणाच्या तोंडात जखम आहे का, कुणा बाईला अंगावरून जातंय का, विचारायचे. दोन वह्या शेजारी ठेवल्या तर दिसलं की, मुंबईच्या मानानं बार्शीकडं कॅन्सर कमी. मुंबईत बायकांत स्तनाचा पुढं, बार्शीकडं गर्भाशयाच्या मुखाचा. भाषा एक, राज्य एक, पण लग्नाचं वय, बाळंतपणं, खाणं, अंगमेहनत, स्वच्छतेची सोय यांत फरक पडला की रोगही बदलतो. आणि नुसतं विचारपूस करत हिंडल्यानं, औषधाची नवी बाटली न उघडता, त्या गावांतल्या बायका दुखणं लवकर दाखवायला येऊ लागल्या.

पुढं शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायका त्यात होत्या. त्याचे निष्कर्ष २००९ साली जगापुढं आले. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं मूळ असलेल्या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा केली, तरी त्या कॅन्सरनं होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. ज्या गावांत तुलनेसाठी तपासणी केली नाही, तिथल्या बायकांचं काय, असा वाद त्यावर नंतर झाला. तो वाद व्हायलाच हवा होता. मी आकडे वाचतो तेव्हा त्या तपासणी न झालेल्या गावांतली एखादी बाई माझ्या डोळ्यांपुढं येते. तीही खडी फोडलेलीच असणार.

आता सोडायचं कसं? इथं मला अम्माचा रमजान आठवतो. रोजाच्या दिवसांत सहेरीपासून सूर्य मावळेपर्यंत मिसरीला हात लावता येत नाही. चैत्र-वैशाखातल्या रोजाला ते तेरा-चौदा तास होतात. पहिले चार-पाच दिवस तिचं डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, आम्हाला विनाकारण फटके बसायचे. पोट साफ होत नाही म्हणून तक्रार. दहाव्या रोजानंतर सगळं शांत. पण मगरिबची अजान झाली की खजूर, पाण्याचा घोट, नमाज, आणि पाठोपाठ डबी. महिनाभर रोज चौदा तास ती मिसरीशिवाय राहत होती, आणि आम्हा शिकलेल्या पोरांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की, अम्मा, तेवढी संध्याकाळची सोड, ईदेपर्यंत सुटेल. आमचं शिक्षण तिच्यासाठी कधी वापरावं, हे आम्हाला सुचलं नाही. मी कविता लिहीत होतो.

हिंदू भगिनींचे उपवास आहेत, श्रावण आहे. उपवासाला मिसरी चालते, असं आमच्याकडं मानतात. ती चालू नये, असं एखाद्या सासूनं ठरवलं तर कुठल्या डॉक्टरपेक्षा लवकर काम होईल. डोकेदुखी, चिडचिड, बद्धकोष्ठ हे दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. सकाळी कोमट पाणी प्यावं. बोटाला सवय असते, म्हणून बोटानंच, पण साधी तंबाखू नसलेली पावडर लावावी. एकदम जमत नसेल तर दिवसातल्या पाच वेळांच्या तीन कराव्यात, आणि तीनवर मुक्काम न करता पुढं जावं. १८००-११-२३५६ हा सरकारचा फुकट फोन आहे, तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी. सोडल्यावर धोका लगेच जात नाही, पण वर्षागणिक उतरत जातो. आणि घरात गरोदर सून असेल तर तव्याचं काम आजच थांबवा. मुंबईतल्या गरोदर बायकांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली. त्यातल्या बहुतेक जणी मशेरीच लावणाऱ्या होत्या.

महिन्यातून एकदा उजेडात, आरशापुढं तोंड उघडून बघा. ओठ उलटा करून, गाल ताणून, जीभ वर करून. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, काही दिसलं तर जिरं आणि तूप यांत पाच महिने घालवू नका. सुरुवातीला सापडलेला तोंडाचा कॅन्सर पुष्कळदा बरा होतो.

ती कविता मी आता म्हणत नाही. संग्रहात आहे, ती तिथून काढता येत नाही. मागच्या वर्षी आटपाडीला एका लग्नात बायकांनी आग्रह धरला, "ती मिसरीची म्हणा की भाऊ." मी दुसरी म्हटली. त्या हिरमुसल्या. माझी थोरली बहीण, आपा, तिथंच दिलेली. ती पुढं बसली होती, गालात बोट फिरवत.

त्याच मुक्कामात मी तिला जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाताच्या डॉक्टरीण बाईंकडं नेलं. वाटेत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बाईंनी बॅटरी लावून नीट बघितलं, गाल दाबून बघितला, तीन बोटं तोंडात घालायला लावली. गेली. आतल्या बाजूला एक फिकट पांढरा ठिपका होता. बाई म्हणाल्या, आज घाबरण्यासारखं वाटत नाही, पण मिसरी बंद करायची आणि तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं. राहिला तर तुकडा काढून तपासू. कागदावर तारीख लिहून दिली.

आपानं कागद घेतला, घडी घालून पदराच्या गाठीत बांधला. दारापर्यंत आली आणि परत फिरली.

"बाई," ती म्हणाली, "तोवर सकाळची एक लावली तर चालंल का?"